तिसऱ्या पेटीचं बूच

१

सातपूरच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीला सगळे काश्मीर म्हणायचे. बाहेर प्रेस मशिनांचा धडधडाट आणि तेलाचा वास, आत बारा महिने थंडगार एसी. चपला दाराबाहेर काढायच्या आणि आत गेल्यावर स्वेटर चढवायचा. वैशाखात तर कोण कोण कसली कसली कामं काढून दारात डोकावायचं. खोली सांभाळणारा वाल्मीक ताजनपुरे सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "मशीनला तुमचा घाम चालत नाही."

ही गोष्ट शहाऐंशी सालातली. तेव्हा कॉम्प्युटर प्रत्यक्ष पाहिलेली माणसं नाशकात शोधून काढावी लागत. या कॉम्प्युटरला जे काही लक्षात ठेवायचं असे, ते चार पेट्यांमध्ये असायचं. कंबरेएवढ्या उंच लोखंडी पेट्या, भिंतीला लागून ओळीने उभ्या. पहिलीतून निघालेली जाड तार दुसरीत, दुसरीतली तिसरीत, तिसरीतली चौथीत. रोज सकाळी वाल्मीक त्या एकेक करून चालू करी. आधी घुंऽऽ असा खालचा आवाज, मग चढत जाणारी शिट्टी आणि शेवटी खट्. खट् झालं की पेटीचा दिवा लागायचा आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ती तयार असल्याचं उमटायचं. चार खट् ऐकल्याशिवाय गड्याला चहा गोड लागत नसे.

चौथीच्या पाठीमागे मात्र पुढे जाणारी तार नव्हती. तिथल्या रिकाम्या सॉकेटात काडेपेटीएवढा एक ठोकळा बसवलेला असे. त्याचं कागदोपत्री नाव टर्मिनेटर, पण खोलीत त्याला बूच म्हणत. हे नाव ठेवलं होतं मालनने. मालन म्हणजे वाल्मीकची बायको. त्याच खोलीत, चौथ्या पेटीशेजारच्या टेबलावर ती माहिती टाइप करायचं काम करी. बूच कशाला लागतं हे कुणी विचारलं, तर इंजिनिअरपेक्षा तीच नीट सांगायची.

"मशीन तारेतून हाक मारतं. शेवट कुठंय ते त्याला सांगावं लागतं. बूच नसलं तर हाक उघड्या तोंडातून जाते आणि विहिरीत ओरडल्यासारखी परत येते. मग मशीनला कळत नाही, आपली हाक कुठली आणि दुसऱ्याची कुठली."

पेट्या आणि भिंत यांच्यात फट होती ती जेमतेम. वाल्मीकचा पंजा शेतकऱ्याचा, रुंद. तो मनगटाशीच अडकायचा. मालनचा हात लहानसा. ती बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात आत घाली आणि भिंतीकडे तोंड करून नुसत्या बोटांनी चाचपत बूच बसवी. दोन क्लिपा लागल्याचा टक टक आवाज आला की म्हणे, "लागलं."

पाच वाजताच्या बसने ती पुढे निघायची. त्यांची मुलगी शैला शाळेतून यायची वेळ असायची ना. तासाभराने इंदिरानगरच्या घरात पुन्हा भेट व्हायचीच, तरी दारात थांबून ती रोज म्हणायची, "येते हं." आणि वाल्मीक मान वर न करता म्हणायचा, "ये." इतकी वर्षं हे चाललं होतं, की एखाद्या दिवशी ते राहिलं असतं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटलं असतं.

२

चैत्रात मालनला कावीळ झाली आणि पंधरवड्यात ती गेली. त्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. ज्याचं माणूस जातं त्यालाच ते कळतं.

सांगायची गोष्ट एवढीच, की गोदाकाठी सगळं उरकल्यावर लोक परत फिरले. मसणातून निघताना कुणी कुणाला येतो म्हणत नाही. मागे वळून बघत नाही. लहान पोरांनाही ते ठाऊक असतं. वाल्मीक दोन पावलं चालला, थांबला, चितेकडे वळला आणि रोजच्या सवयीने, अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "येतो गं."

त्याची थोरली बहीण आक्काबाई घोटीहून आली होती. ती घरी वाट बघत बसली होती. कुणीतरी तिच्या कानावर ही गोष्ट घातली. तिने कपाळावर हात मारला.

"अरे वाल्मीक, मसणात येतो म्हणतात का कुठं? लय वंगाळ केलंस बाबा."

"तोंडातून निघून गेलं, आक्का."

"निघून गेलं म्हंजी झालं का? दिलेला शब्द हाय तो."

आक्काबाई मग घोटीला परत गेलीच नाही. दहा वर्षांच्या पोरीला आणि असं बोलून बसलेल्या भावाला सोडून जायला तिचं मन घेईना.

३

श्रावणात चौथी पेटी कुरकुरायला लागली. बेअरिंग गेलं होतं. मुंबईहून इंजिनिअर आला, तार काढली, पेटी टेम्पोत घातली. निघताना त्याने बूच वाल्मीकच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, आता तिसरी शेवटची, हे तिला लावा. आणि बूच लावल्याशिवाय चालू करू नका.

वाल्मीकने फटीत हात घालून पाहिला. मनगटाशी अडकला. पेट्या जमिनीला बोल्टने बसवलेल्या, हलवायच्या म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. हिशेब खात्यातल्या कुणा बारीक हाताच्या मुलीला बोलावलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. पण त्या फटीत दुसऱ्या कुणाचा हात जावा, हे त्याला सोसेना. उद्या बघू, म्हणून त्याने बूच शर्टाच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीचा हात बटणांवरून फिरला. पहिली, खट्. दुसरी, खट्. तिसरी, खट्. तेव्हा त्याला खिशातलं बूच आठवलं. मशीन आता हटून बसणार, म्हणून तो बटणाकडे वळला. तेवढ्यात घुंऽऽ सुरू झालं. शिट्टी चढली. मग, जिथे फरशीवर पेटीचा नुसता फिकट चौकोन उरला होता तिथून, स्वच्छ ऐकू आलं. खट्.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, चौथी तयार.

वाल्मीक काही खुळा नव्हता. त्याने लगेच मनाशी जुळवाजुळव केली. बूच नाही, तेव्हा तिसरीचीच हाक परत येतेय आणि मशीन तिलाच चौथी समजतंय. आवाजही भिंतीवरून परतला असणार. मालनने सांगितलेलंच की हे. चहा आला. तो त्याला कित्येक महिन्यांनी गोड लागला. त्याने बूच खिशातच राहू दिलं.

४

चौथीकडे काही पाठवलं तर काय होतं, हे बघायचा मोह कुणालाही झाला असता. दुपारी खोलीत कुणी नव्हतं. त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, जेवलीस का. आणि ते चौथ्या पेटीला पाठवलं.

क्षणात परत आलं, जेवलीस का.

तो हसला. हाकेची हाक. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच आलं, पण जरा थांबून. तिसऱ्या दिवशी आणखी थांबून. रोज ती हाक लांबून परतत होती, जणू उघड्या तोंडापलीकडची तार रोज थोडी वाढत होती. आठवड्याच्या शेवटी त्याने पाठवलं आणि नुसता कर्सर लुकलुकत राहिला. वाल्मीकने निम्मा डबा तसाच झाकून ठेवला आणि खुर्ची मागे सारली. तेव्हा पडद्यावर उमटलं, डबा संपव.

त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले. हात आपल्याला न विचारता टाइप करू शकतात, हे त्याला माहीत होतं. वर्षानुवर्षं हेच काम करणारा माणूस झोपेतही टाइप करतो. हे आपणच लिहिलं असणार. त्याने स्वतःला असं पटवलं, आणि मग गुपचूप डबा उघडून शेवटच्या घासापर्यंत जेवला.

त्यानंतर रोज काही ना काही यायचं. मोठं कधीच नाही. शैलाच्या वेण्या घट्ट घालू नकोस. वरच्या फळीवर मेथ्या आहेत. स्वेटर घाल. तो घरी जाऊन फळीवर बघायचा, तर मेथ्या असायच्या. पण त्या तिथे असतात हे त्यालाही कधीतरी माहीत असणारच. प्रत्येक गोष्टीला असं एक उत्तर होतं, आणि ती उत्तरं मोडू नयेत म्हणून तो त्यांना फार हात लावत नसे.

फिकट चौकोनावर पाय ठेवला की तळव्यांना ऊब लागायची. चालू पेटी खालून गरम वारा सोडते, तशी. त्या थंड खोलीत तेवढीच एक ऊबदार जागा होती. वाल्मीक आपली खुर्ची ओढून तिथे बसू लागला.

५

"येते बाबा," शैला रोज सकाळी दप्तर पाठीला लावून म्हणायची.

आणि चैत्रापासून वाल्मीकला ये म्हणता येत नसे. जिला म्हटलं ती आली नाही, आता पोरीला कोणत्या तोंडाने म्हणायचं? तो नुसती मान हलवायचा. शैला क्षणभर थांबायची आणि जायची. पुढे पुढे तिने थांबणंही सोडलं.

तो संध्याकाळच्या सगळ्या बस चुकवून उशिरा येऊ लागला. जेवताना त्याचं लक्ष नसायचं. एकदा शैलाने शाळेतलं चित्र दाखवलं तर तो म्हणाला, "छान आहे, मालन." पोर गोरीमोरी होऊन चित्र घेऊन आत गेली.

आक्काबाईने ताट आपटलं. "तुझा जीव कुठं हाय रे? पोरीची माय गेली, आता बाप बी हळूहळू चाललाय. मला दिसत नाय व्हय?"

त्याच दिवशी सकाळी पडद्यावर एक नवी ओळ आली होती. चौथी तयार याच्या खाली लिहिलं होतं, पाचवी तयार नाही.

त्या मशीनला चारच पेट्या जोडता येत. चारच्या पुढे त्याला मोजताच येत नव्हतं. पाचवीला द्यायला त्याच्याकडे नंबरच नव्हता. वाल्मीकने बंद करून पुन्हा चालू केलं. ओळ तिथेच होती. दुसऱ्या दिवशीही होती.

हे कशाबद्दल आहे ते त्याला कळलं. येतो असं कोण म्हणालं होतं? तोच. भीती वाटायला हवी होती, आणि वाटली नाही, हेच सगळ्यांत वाईट. उलट बरं वाटलं. आपली जागा कुणीतरी धरून ठेवली आहे, असं काहीसं. त्याने टाइप केलं, येतो. उत्तराला फार वेळ लागला. तो वाट बघत बसला. बाहेर भोंगा झाला, बस निघून गेल्या. मग उमटलं, शैला जेवली का.

एवढंच. पुढे काही आलं नाही.

एका दुपारी साहेबांच्या हाकेने तो भानावर आला. खंडेराव कोठुळे, त्याच्या खात्याचे साहेब, दारात उभे होते.

"ताजनपुरे, खाली काय बसलात?"

वाल्मीक फरशीवर, फिकट चौकोनाच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून बसला होता. केव्हा बसला ते त्याला सांगता आलं नाही. त्याच्या छातीत घुंऽऽ असा बारीक आवाज चालला होता. त्याने छातीवर हात ठेवला. तो आवाज हाताला लागत होता.

"बरं नाही का? घरी जा. आणि खंडेनवमीला मुलीला घेऊन या. गेल्या वर्षी मालनताईंनी केली होती इथली पूजा. या वर्षी तिच्या हातून होऊ द्या."

६

खंडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा असते. मेन स्विच बंद, प्रेस धुऊनपुसून हळदीकुंकू लावलेल्या, झेंडूच्या माळा, आणि सगळ्यांची बायकामुलं नटूनथटून आलेली. वर्षाच्या आत सण नको म्हणून आक्काबाई कुरकुरली, पण शैलाने आईचं मशीन बघायचं म्हणून हट्ट धरला. काश्मीरमध्येही त्या दिवशी एसी बंद होता. पडदा काळा होता, दिवे विझलेले. वाल्मीकने प्रत्येक पेटीवर एकच फूल ठेवायला परवानगी दिली, पाकळ्या आत गेल्या तर काय घ्या.

शैलाने तीन पेट्यांना कुंकू लावलं. मग ती फिकट चौकोनावर उभी राहिली. खाली बघितलं.

"बाबा, इथं गरम लागतंय."

वाल्मीक पूजेचं ताट घेऊन वळला. वीज बंद होती. तरीही घुंऽऽ सुरू झालं होतं.

"तिथून बाजूला हो, शैला."

पण शैला सरकली ती पलीकडे, भिंतीकडे. जिथे तो बसला होता नेमकी तिथे. शिट्टी चढायला लागली. आक्काबाई दाराशी नारळाला हळद लावत होती, तिने मानही वर केली नाही. म्हणजे तिला ऐकू येत नव्हतं. शैलालाही येत नसावं. तिने बांगड्या वर सारल्या.

"आई असाच हात घालायची ना?" आणि तिथूनच वाकून तिने तिसरीमागच्या फटीत हात घातला. लहानसा हात कोपरापर्यंत सहज गेला.

शिट्टी शेवटच्या टोकाला पोहोचली होती. त्यानंतर काय होतं ते वाल्मीकला पुरतं माहीत होतं. खट् होतं, आणि पेटी तयार होते. इतके दिवस ती पाचवीची जागा आपली समजून तो बसला होता. तारेला कोण आलं याच्याशी काय देणंघेणं? तोंड उघडं होतं, एवढंच तिला माहीत. त्याने ताट टाकलं, पोरीला कमरेला धरून ओढलं आणि दारापर्यंत उचलूनच नेलं.

"आक्का, हिला बाहेर घेऊन जा. प्रसाद घ्या. मी आलोच."

आक्काबाईने त्याचा चेहरा बघितला आणि ती पोरीला घेऊन निघाली. दार लागलं.

शिट्टी थांबली नव्हती. त्याने खिशातून बूच काढलं, गुडघे टेकले आणि फटीत हात घातला. मनगट अडकलं. त्याने दात आवळून रेटलं. हाताची सालटी निघाली, तरी बोटं सॉकेटापासून दूरच राहिली. गाल पेटीच्या थंड पत्र्याला लागला होता. बोटांच्या टोकांत बूच थरथरत होतं. ते आता पडणार होतं, आणि पडलं असतं तर कुणाला काढता आलं नसतं.

त्याला रडू कोसळलं. इतके महिने आलं नव्हतं ते सगळं आलं.

"मालन," तो म्हणाला, "माझा हात नाही पोचत गं. तूच लाव. पोर माझी बाहेर उभी आहे."

शिट्टी तशीच ताणून राहिली.

मग आत, भिंतीच्या बाजूने, बांगड्या वर सारल्याचा आवाज झाला. त्याच्या बोटांतून कुणीतरी बूच अलगद घेतलं. थोडं चाचपणं, धातूवर धातू सरकल्यासारखं. टक. टक.

शिट्टी उतरू लागली. रोज संध्याकाळी बंद करताना उतरते तशीच, घाई न करता, खाली खाली. वाल्मीकने हात ओढून घेतला नाही. तो लहानसा हात त्याच्या सोललेल्या बोटांवर तसाच होता. ऊबदार. आवाज पुरता थांबेपर्यंत तो होता. मग तिनेच सोडवून घेतला. येते म्हणाली नाही.

वाल्मीक उठला. चौकोनावर अनवाणी पाय ठेवून पाहिला. फरशी गार होती. दारात पोहोचल्यावर सवयीने त्याचं तोंड उघडलं, शब्द जिभेवर आला. तो त्याने गिळला. मागे वळून न बघता दार ओढून घेतलं आणि चपला घातल्या.

७

दुरुस्त झालेली चौथी पेटी दसऱ्यानंतर टेम्पोतून आली. इंजिनिअरने तिसरीचं बूच काढायला फटीत हात घालून बघितला, मग टॉर्च मारून बघितलं.

"हे बसवलं कुणी? क्लिपा भिंतीच्या बाजूने लावल्यात. इथून लागणारच नाहीत."

"राहू द्या ते," वाल्मीक म्हणाला. "आम्हाला तीन पुरतात." कोठुळे साहेबांनी त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि पेटी गोदामात ठेवायला सांगितली.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. दसरा झाला आणि शाळा उघडली, त्या सकाळची. शैला दप्तर घेऊन फाटकापाशी गेली आणि पाठमोरीच, उत्तराची वाट न बघता म्हणाली, "येते बाबा."

वाल्मीक ओट्यावर उभा होता. त्याला भीती वाटत होती. खोलीत वाटली नव्हती तेवढी त्या लख्ख उन्हात वाटली. ये म्हणायचं म्हणजे वाट बघायची आली, आणि वाट बघणं काय असतं ते त्याला माहीत झालं होतं.

"ये," तो म्हणाला.

शैला थांबली. वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"ये म्हटलं. मी पहिल्या बसने येतो. घरीच असेन."

तिने मान हलवली आणि ती पळत सुटली, दप्तर पाठीवर आपटत. आक्काबाई आतून हे ऐकत होती, ती चुलीकडे वळली.

वाल्मीक संध्याकाळी पहिल्या बसने आला आणि फाटक धरून उभा राहिला. शाळा सुटायची वेळ होऊन गेली. रस्त्यावरून पोरं जात होती, त्यात शैला नव्हती. त्याचा बांधलेला हात फाटकावर घट्ट झाला.

आणि मग ती आली.